पाळण्याची दोरी आणि थकलेले हात

मातेच्या गौरवाला मराठी समाजात कधीही तोटा पडलेला नाही. कीर्तनात, पाठ्यपुस्तकात, सभासमारंभात आणि चित्रपटात आई हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचा कंठ दाटून यावा, असे येथील मन पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारांनी घडलेले आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि त्या पुस्तकाने किती घरांतील किती डोळे ओले केले असतील याची गणती करणे अशक्य आहे. या भावनेत खोटे काही नाही. परंतु गौरवाच्या या ओघात एक अगदी साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा की, आई काल रात्री किती वेळ झोपली?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या कालवापर सर्वेक्षणाने या प्रश्नाच्या आसपासचे काही आकडे पुढे आणले. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, असे त्यात आढळले. जे पुरुष असे काम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे भरली; पण मुळात हे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या घरात, तर पुरुषांचे जेमतेम २६ टक्के. मुलांचे संगोपन व वृद्ध-आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचा वेळ १३४ मिनिटे आणि पुरुषांचा ७६ मिनिटे. आकडे बोलके आहेत, तरीही ते अपुरे आहेत. घड्याळ मिनिटे मोजते. कडेवरच्या मुलाचे ओझे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला कुशीवर वळवताना कमरेत भरणारी उसण, आणि या साऱ्यात मधूनच उमटणारा एक विलक्षण आनंद, यांपैकी काहीच घड्याळाला मोजता येत नाही.

मराठी भाषेला मात्र त्याची जाण आहे. मराठीत बाळंतपण ‘काढतात’, दुखणे ‘काढतात’, आजारपणही ‘काढतात’. विहिरीतून पाणी काढावे किंवा शेतातून पीक काढावे, तसे हे अंगमेहनतीचे काम आहे, हे त्या एका क्रियापदाने केव्हाच कबूल करून टाकले आहे. शरीराने करावयाच्या या कामाचा खरा हिशेब मांडायचा तर त्यासाठी शरीराचीच भाषा हवी. आणि ती भाषा नृत्याची व गाण्याची आहे. गेल्या शंभर वर्षांत जगातील काही नर्तकांनी व गायकांनी नेमके हेच केले. त्यांचा शोध पाहण्याजोगा आहे, कारण त्यातून निघणारे प्रश्न प्रत्येक घराचे आहेत.

जात्याभोवतीचे गाणे

या शोधाचा आरंभ परदेशात झाला, असे समजण्याचे कारण नाही. पहाटेच्या अंधारात जात्याच्या दोन अंगांना बसलेल्या दोन बायका, खुंट्यावर एकमेकींच्या हातावर पडलेले हात, मूठमूठ पडणारी वैरण, आणि मांडीवर वा शेजारच्या वाकळेवर झोपलेले लेकरू, हे दृश्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून शतकानुशतके दिसत होते. ओवीची लय कोणा पंडिताने बसविलेली नाही. ती दंडाच्या फेऱ्यातून जन्मली. म्हणून ओवीतली आई आणि कवितेतली आई यांत फरक पडतो. कवितेतली आई बहुधा मुलाच्या आठवणीत असते आणि म्हणून ती कधी थकत नाही. ओवीतली आई स्वतः बोलते. ती लेकराचे कौतुक करते, त्याच दमात सासरचा जाच सांगते, माहेरच्या वाटेकडे डोळे लावते आणि पीठ अजून सरत नाही अशी कुरकुरही करते. माया आणि शीण या दोन गोष्टी तिने कधी वेगळ्या केल्या नाहीत.

साने गुरुजींनीच पुढे ‘स्त्रीजीवन’ या नावाने अशा ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला, ही गोष्ट ‘श्यामची आई’च्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. आईची थोरवी सांगून ते थांबले नाहीत. आयांचे स्वतःचे शब्दही त्यांनी गोळा केले. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. त्यांच्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाद्वारे त्या गायिकांच्या आवाजासह लोकांपुढे येऊ लागल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी तर घर आणि शेत यांच्या कामातूनच उगवली. त्या निरक्षर होत्या. त्यांचे शब्द मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर जपले आणि १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, ते पुस्तकरूपाने आले. आईने मुलाला वाढवावे आणि मुलाने आईचा शब्द वाढवावा, असा हा व्यवहार आहे.

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ते परत यावे असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. त्या दगडाने किती खांदे झिजविले ते त्या खांद्यांनाच ठाऊक. मात्र दगडाबरोबर दुसरेही एक काहीतरी गेले. दोन बायकांनी समोरासमोर बसून, कामाच्या निमित्ताने, मनातले मोकळे करण्याची जागा गेली. जात्याचे श्रम यंत्राने उचलले. मुलाचे, म्हाताऱ्याचे, आजाऱ्याचे श्रम मात्र कोणत्याही यंत्राने उचललेले नाहीत. ते आता चार भिंतींच्या आत, एकटीने आणि गाण्यावाचून करावे लागतात.

मंगळागौरीच्या खेळांचेही असेच आहे. श्रावणातल्या त्या जागरणात सूप, लाटणे अशी घरकामाचीच साधने खेळाची साधने होतात. ज्या सुपाने दिवसभर पाखडायचे, तेच हातात घेऊन रात्री नाचायचे. ‘नाच गं घुमा’ या खेळातील बाई तर नाचायला बोलावले असता आपल्याजवळ काय काय नाही याची यादीच वाचते. त्या खेळाचे नाव घेऊन २०२४ साली एक मराठी चित्रपट आला. त्याचा विषय होता नोकरी करणारी गृहिणी आणि तिच्या घरी काम करणारी बाई यांचे परस्परावलंबन. एका बाईला घराबाहेर पाऊल टाकता यावे म्हणून दुसरीने तिच्या घरात पाऊल टाकायचे, ही आजच्या शहरी संसाराची गोष्ट त्या जुन्या खेळाच्या नावाखाली सहज सामावली, यात नवल नाही.

वात्सल्य आणि वजन

भारतीय अभिजात नृत्याने वात्सल्याचा जो आविष्कार केला तो अद्वितीय आहे. तंजावरच्या परंपरेतील बालसरस्वती यांनी (१९१८–१९८४) ‘कृष्णा नी बेगने बारो’ या कन्नड पदावर केलेला अभिनय ज्यांनी पाहिला, त्यांना तो आयुष्यभर पुरला. सत्यजित राय यांनी १९७६ साली ‘बाला’ या अनुबोधपटात तो समुद्रकाठी चित्रित केला. कृष्णाला हाक मारणारी ती यशोदा केवळ नजरेने आणि बोटांनी मूल समोर उभे करते. परंतु या कलेमागील घराकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. बालसरस्वतींच्या नृत्याला पुष्कळ वर्षे त्यांच्या आईचा, जयम्माळ यांचा, स्वर असे. आजी वीणा धनम्माळ या आपल्या काळातील श्रेष्ठ वादक होत्या, आणि बालसरस्वतींची कन्या लक्ष्मी हीही नर्तकी झाली. देवदासी परंपरेतील त्या समाजाला बाहेरच्या जगाने पुष्कळ उपेक्षा दिली; पण त्या घरात बाईने आई व्हायचे की कलावंत, असा पेच टाकला गेला नाही. कारण मूल सांभाळणारे हात तेथे अनेक होते.

तरीही या परंपरेतील मूल बहुधा देवाचे असते. ते लोणी चोरते, खोड्या करते, मुखात विश्वरूप दाखविते. तापाने फणफणून रात्रभर रडत मात्र नाही. मातेचे शरीर, त्याचे वजन आणि त्याची वेदना रंगमंचावर आणण्याचे काम आधुनिक नृत्याकडे आले.

त्याची एक फार मोठी खूण इझाडोरा डंकन हिच्या आयुष्यात आहे. १८७७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या या नर्तकीने बॅले नृत्याचे कडक बूट काढून टाकले आणि अनवाणी पावलांनी नव्या नृत्याची वाट मोकळी केली. १९ एप्रिल १९१३ रोजी पॅरिसमध्ये तिची दोन मुले, डिअर्ड्री आणि पॅट्रिक, ज्या मोटारीत होती ती मोटार सीन नदीत कोसळली. मुले गेली आणि त्यांना सांभाळणारी दाईही त्यांच्याबरोबर गेली. पुढे १९२१ च्या सुमारास स्क्रिआबिन या रशियन संगीतकाराच्या पियानोवादनासाठी लिहिलेल्या एका छोट्या रचनेवर इझाडोराने ‘माता’ हे नृत्य बसविले. अवघ्या काही मिनिटांचे हे एकटीचे नृत्य. नर्तकीच्या कुशीत मूल नाही; पण हात मूल असल्यासारखे वळतात, कुरवाळतात आणि शेवटी त्याला जाऊ देतात. शोकाचा आक्रोश त्यात नाही. मूल जवळ घेण्याची शरीराला जडलेली सवय मूल गेल्यावरही जात नाही, एवढीच गोष्ट ते सांगते.

या नृत्याला शतक होत आले असता फ्रेंच दिग्दर्शक दामियाँ मानिव्हेल यांनी २०१९ साली ‘इझाडोराची मुले’ हा चित्रपट केला आणि लोकार्नो महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्यात एक तरुण नर्तकी नृत्यलिपीतील खुणांवरून हे नृत्य हळूहळू शिकते. डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी तेच नृत्य आपल्या शिक्षिकेबरोबर बसविते. आणि अखेरीस प्रेक्षागृहात बसलेली एक वयोवृद्ध स्त्री प्रयोग पाहून काठी टेकीत रात्रीची एकटीच घरी परतते. घरी पोचल्यावर तिच्या जड शरीरातून तीच हालचाल उमटते. एका आईचे दुःख शंभर वर्षांनी दुसऱ्या बाईच्या हातात आले. ओवी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, ती याच रीतीने.

मुलगा आई होतो तेव्हा

मातृत्व ही केवळ प्रसवलेल्या स्त्रीची मिरास आहे काय, हा प्रश्न जपानी नर्तक काझुओ ओनो यांच्या चरित्राने फार समर्थपणे विचारला. १९०६ साली हाकोदाते येथे जन्मलेले ओनो व्यायामशिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. युद्धोत्तर जपानात तात्सुमी हिजिकाता यांच्याबरोबर त्यांनी ‘बुतो’ या नव्या नृत्यप्रकाराला आकार दिला. १९७७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांच्या कीर्तीचा खरा उदय झाला आणि १९८१ साली त्यांनी ‘माझी आई’ हा प्रयोग रंगमंचावर आणला. पंचाहत्तरीचा म्हातारा, चेहऱ्यावर पांढरा रंग, सुरकुतलेले हात. आणि त्या हातांतून आपल्या आईचे ऋण आठवणारे मूल. आईच्या देहातून घेतले ते परत कसे करायचे, हा ओनो यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर काळाने त्यांच्याच घरात दिले. उतारवयात ओनो यांना उभे राहता येईना. ते खुर्चीत बसून केवळ हातांनी नाचू लागले आणि त्यांचा मुलगा योशितो, जो स्वतः नामांकित नर्तक होता, त्यांच्या सोबतीला रंगमंचावर उभा राहू लागला. घरी जो बापाची उस्तवार करतो, तोच रंगमंचावर त्यांच्या मागे आधारासाठी उभा, असे ते दृश्य होते. २०१० साली, १०३ वर्षांच्या वयात, काझुओ ओनो निवर्तले. त्यानंतर योशितो बोटांवर बसविलेली वडिलांची छोटी बाहुली घेऊन नाचत. ज्याला बापाने वाढविले, त्याने बापाला लेकरासारखे सांभाळले आणि मग हाताच्या बोटांवर घेतले. मायेला लिंग नाही आणि वयही नाही, हे सांगायला यापेक्षा अधिक काय हवे?

अमेरिकेतील लिझ लर्मन यांची कथाही अशीच बोलकी आहे. १९७५ साली त्यांची आई कर्करोगाने गेली. त्या मृत्यूवर नृत्य बसविताना त्यांना आईच्या भोवती जमलेले पूर्वज उभे करायचे होते आणि त्यासाठी वृद्ध शरीरेच हवी होती. म्हणून त्या वॉशिंग्टनमधील एका वृद्धनिवासात नृत्य शिकवायला गेल्या आणि तेथील रहिवाशांना रंगमंचावर घेऊन आल्या. त्यातून पुढच्याच वर्षी ‘डान्स एक्स्चेंज’ ही संस्था निघाली आणि म्हातारे शरीर नाचू शकते, ही गोष्ट तिने अमेरिकेच्या नृत्यजगताला मान्य करायला लावली. मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली ब्रुकलिनमध्ये कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यातही समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी याच रुग्णांसाठी असे वर्ग चालविले. अशा वर्गाचे मोल केवळ रुग्णाच्या सुटलेल्या पावलात नाही. घरी जी बायको औषधाच्या वेळा सांभाळते, बटणे लावते आणि पडू नये म्हणून हात धरते, तिने तोच हात येथे नाचासाठी धरला, तर त्या दोघांच्या नात्यातील जुना आनंद तासाभरासाठी का होईना परत येतो.

अंगाई कोणासाठी?

गाण्याच्या बाबतीत असाच एक प्रयोग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या विख्यात संस्थेने २०११ साली आरंभिला. आरंभ झाला तो एका सार्वजनिक रुग्णालयात. गरोदर स्त्रिया आणि नव्या माता यांना संगीतकारांच्या जोडीला बसवायचे आणि प्रत्येकीने आपल्या बाळासाठी स्वतःची अंगाई रचायची, अशी ही योजना. पुढे ती बेघर निवाऱ्यांत आणि तुरुंगांतही गेली. अंगाई बाळासाठी असते खरी. पण ती रचताना आईला प्रथमच कोणी शांतपणे विचारते की, बाई, तुला काय म्हणायचे आहे? जिला रुग्णालयात सारे सूचनाच देत असतात, तिच्यासाठी हा प्रश्न औषधाइतका मोलाचा ठरतो.

याला वैद्यकाचाही थोडा आधार आहे. न्यूयॉर्कमधील संगीतोपचारतज्ज्ञ जोअन लोवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ अर्भकांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष गायनवादनाचा इष्ट परिणाम बाळांच्या हृदयगतीवर, झोपेवर व दूध ओढण्यावर दिसून आला; आणि आईबापांच्या आवडीची गाणी अंगाई म्हणून गायिली असता खुद्द आईबापांच्या मनावरील ताणही हलका झाला. पाळण्याच्या दोरीला दोन टोके असतात. एका टोकाला मूल आहे, हे सर्वांना दिसते. दुसऱ्या टोकालाही एक जीव आहे, याचा मात्र विसर पडतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मातेचा शीण चव्हाट्यावर मांडल्याने मातृत्वाचे पावित्र्य कमी होते. जात्यावरच्या ओवीनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शीण सांगितल्याने त्या आयांची माया उणी झाली नाही. उलट ती विश्वासार्ह झाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाचगाण्याने कोणाच्या घरचे भांडे घासले जाते? कोणाची रात्र टळते? हे खरे आहे, आणि येथे कलेची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. मूल सांभाळणाऱ्या आयेच्या स्वतःच्या मुलाला कोण सांभाळते, या प्रश्नाचे उत्तर कोणताही नर्तक देऊ शकत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले, ही निश्चितच पुढची पायरी होती. परंतु त्या दुरुस्तीने बापाच्या रजेची तरतूद केली नाही. आणि धुणीभांडी करणारी, ऊसतोडीला जाणारी वा वीटभट्टीवर राबणारी आई त्या लाभाच्या बाहेरच राहिली. म्हाताऱ्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या सुनेसाठी वा लेकीसाठी तर रजा हा शब्दच नाही.

कला कायदा करीत नाही. मात्र कायदा करणाऱ्या समाजाला जे दिसत नाही ते ती दाखवू शकते, आणि दिसलेली गोष्ट नाकारणे अवघड असते. महाराष्ट्रात नगरपालिकांची नाट्यगृहे पुष्कळ आहेत. त्यांतील किती नाट्यगृहांत रडणारे मूल घेऊन बाईला प्रयोग पाहता येईल अशी काचेआडची खोली आहे? किती शहरांत घरी आजारी माणूस असलेल्या स्त्रीला जमेल अशा दुपारच्या वेळी एखादा नृत्याचा वा गाण्याचा वर्ग भरतो? प्रसूतिगृहाच्या भिंतींवर सूचनांचे फलक लागतात. तेथे आठवड्यातून एकदा जुन्या जाणत्या बायकांना बोलावून नव्या आयांबरोबर ओव्या म्हणायला किती खर्च येईल? मंगळागौरीचे खेळ आता स्पर्धांच्या निमित्ताने रंगमंचावर आले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या रात्री घरी मुलांना झोपविण्याचे काम बापांनी केले, तर त्या खेळाचा मूळ हेतू अधिक सार्थ होईल.

मातृत्वाचा गौरव करणाऱ्या सभा होतच राहतील आणि त्यांत टाळ्याही पडतील. परंतु टाळीसाठी जे दोन हात मोकळे असतात, त्यांनीच थोडा वेळ पाळण्याची दोरी धरावयास हवी. तेवढ्या वेळात आई झोपेल; किंवा कदाचित कितीतरी दिवसांनी, कोणासाठीही नव्हे, स्वतःसाठी काही गुणगुणेल.